बिनधुराची अट

माणसानं विस्तव घरात आणला त्या दिवशी संस्कृती सुरू झाली. राज्यं, धर्म, बाजारपेठा आणि ग्रामपंचायती हे सगळं विस्तवाभोवती शेकत बसलेल्या माणसांना सुचलेलं आहे, आणि म्हणून घरात चूल मांडणं हे काम देऊळ बांधण्याच्या बरोबरीचं मानलं पाहिजे. हे मत मी आमच्या नव्या स्वयंपाकघरात उभा राहून मांडलं. ऐकायला योगीराज गवंडी होता. तो उकिडवा बसून भिंतीवर बोटानं टकटक करत होता. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ते बराबर हाय, बन्सीधरराव. पर नळी कुठून काढायची ते बोला. ही भिंत पोकळ वाजायली. हितून भोक पाडायला सोपं."

"त्या भिंतीच्या पलीकडं कापूस आहे," मी म्हणालो.

"असू द्या. नळी कापसातून जाईल आन पलीकडं निघंल. कापसाला काय तरास हाय?"

इथं कापसाबद्दल दोन शब्द. आमच्याकडे कापूस वेचला की लगेच विकत नाहीत. भाव येईपर्यंत घरातली एक खोली त्याला देतात. भाव येतो की नाही हा वेगळा विषय, पण तोवर त्या खोलीत छतापर्यंत कापूस राहतो आणि पाहुणा आला तर ओसरीवर झोपतो. अशा खोलीतून योगीराज चुलीची तापलेली नळी नेणार होता, कारण भिंत फोडायला सोपी होती.

आणि हे तो सांगत होता मला. मी सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं आगीवर नजर ठेवायच्या नोकरीत होतो. आमच्या पिंगळीहून सकाळची गाडी धरायची, दिवसभर वाळूनं भरलेल्या लाल बादल्या मोजायच्या, कुणाच्या खिशात काडीपेटी आहे का ते बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. तीस वर्षांत तिथं एकदाही आग लागली नाही. आग न लागणं हे काम असं आहे की ते केल्याचा पुरावा राहत नाही. निरोपाच्या समारंभात मालक म्हणाले, बन्सीधररावांनी काय केलं हे सांगता येणार नाही, पण ते रोज यायचे.

तर असा मी, स्वतःच्या हातानं घरात आग आणायला निघालो होतो. त्याचं कारण माझी बायको तानुबाई.

गेल्या वर्षी थंडीत तिचा श्वास कोंडला. जुन्या घराच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात चूल होती आणि त्या चुलीचा धूर चाळीस वर्षं तिच्या छातीत जमा होत होता, बँकेत ठेव ठेवावी तसा. परभणीच्या दवाखान्यात चार दिवस तिच्या नाकाला नळी होती. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद. आमची मुलगी राजेश्री परभणीतच दुसऱ्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं ते डॉक्टरांपेक्षा मोठ्यानं सांगितलं. मग आईला स्वतःच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेलं. तानुबाई तिथं नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी तिनं फोन करून मला सांगितलं, "मला श्वास येयलाय. आता न्या."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात तिच्याशिवाय मी सलग राहिलो ते हे नऊ दिवस. त्यात मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. शेजाऱ्यांना आठवतं, पण ते सांगत नाहीत. पण जेवणाचं सोडा. संध्याकाळी घरी आलो तर माझं कुठं चुकलं हे सांगणारं कुणी नव्हतं. मी मुद्दाम चपला उंबऱ्याच्या आत काढून बघितल्या. कुणीच काही बोललं नाही. मग मीच त्या बाहेर नेऊन ठेवल्या.

बांधायला काढलेलं स्लॅबचं घर पुरं झालं, गॅस आला, चूल गेली. वर्षभर तानुबाईनं गॅसवर भाकरी केली आणि वर्षभर त्या भाकरीकडे ती परक्याच्या लेकराकडे बघावं तशी बघत राहिली. तक्रार केली नाही. फक्त दुपारी शेजारी दैवशालाकडे जाऊन बसायला लागली. मला वाटलं गप्पा चालल्यात. पण दिवाळीनंतर राजेश्री आली तेव्हा तिनं आईला जवळ घेतलं आणि तिथंच थांबली.

"आई, तुझ्या लुगड्याला धुराचा वास कामून येयलाय?"

"शेकत बसले व्हते."

"कुठं?"

"दैवशालाच्या घरी."

"आणि शेकता शेकता काय करत होतीस?"

"दोन भाकरी," तानुबाई म्हणाली. मग खोटं नको म्हणून जोडलं, "चार."

दैवशालाचं स्वयंपाकघर म्हणजे चार पत्रे आणि एक दार. धूर तिथं पाहुण्यासारखा येतो आणि जायचं नाव काढत नाही. तासाभरानं राजेश्रीनं मला ओसरीवर बोलावलं. मला ती दादा म्हणते.

"दादा, हिला अडवलं तर ही दुसऱ्याच्या धुरात जाऊन बसणार. त्यापेक्षा आपल्याच घरी धूर बाहेर जाणारी चूल करा. वरण, भाजी, पाणी तापवणं सगळं गॅसवर. चुलीवर फक्त भाकरी. रीतसर करा, जिनिंगमध्ये करत होता तसं. पण माझी एक अट आहे."

"सांग."

"पहिल्या दिवशी मी समोर बसणार. धूर घरात आला, तर आई त्याच दिवशी माझ्यासंगं परभणीला."

"किती दिवस?"

"दिवस मोजायचे नाहीत, दादा."

तानुबाई आत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या हाताचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. तेवढीच तिची संमती.

म्हणून योगीराज आला होता आणि म्हणून मी संस्कृतीबद्दल बोलत होतो. घाबरलेला माणूस संस्कृतीबद्दलच बोलतो.

पहिला वाद दिशेचा झाला. तानुबाईचं म्हणणं, चूल आग्नेयलाच पाहिजे. पण आग्नेय कोपरा स्वयंपाकघराला एकच असतो आणि तिथं आधीच गॅसची टाकी बसलेली होती, तीही तानुबाईच्याच आग्रहावरून. चूल आणि टाकी मांडीला मांडी लावून बसवायची, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नव्हतं.

"मग गॅस हलवा," तानुबाई म्हणाली.

"त्याला आग्नेय नको का?"

"गॅसला कुठं दिशा कळती. तो सरकारी हाय."

गॅस ओट्यासकट समोरच्या टोकाला गेला. चूल पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीला लावायची ठरली, म्हणजे नळी थेट बाहेर. दक्षिणेची भिंत कापसाची. तिच्यापासून मी चुलीला चार फूट लांब धरलं. योगीराजला ते पटेना.

"मग कोपरा कुठं राहिला, बन्सीधरराव?"

"आग्नेय ही दिशा आहे, योगीराज. खुंटी नाही."

तेवढ्यावर मी थांबलो नाही. कापूसही त्या भिंतीपासून मागे ढकलला. कापूस ढकलला की तो हो म्हणतो आणि आपण वळलो की परत येतो. तीन दिवस आमची ही रस्सीखेच चालली. शेवटी मध्ये पत्रे उभे करून त्याला टेकू दिला. पूर्वेच्या भिंतीबाहेर कडब्याची गंजी होती, ती गोठ्यामागे हलवली. म्हशीला चारा लांब पडला म्हणून ती दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हती.

मग नळीचा विषय निघाला. योगीराज कामात पक्का आहे, पण उरलेल्या मालावर त्याचा फार जीव. कुठल्याही घरात उरलेली वस्तू दुसऱ्या घरात खपवल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

"तुमच्या बोरचा पाइप उरलाय की," तो म्हणाला. "सहा इंची. निळा. घरचाच हाय."

"तो प्लास्टिकचा आहे, योगीराज."

"जाड हाय पर."

मी त्या पाइपाचा हातभर तुकडा कापला, अंगणात तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवल्या आणि चिमट्यानं तो वर धरला. पाइप आधी वाकला, मग घामाघूम झाला, मग त्याला जो वास सुटला त्यानं दैवशालाच्या शेळ्या बसल्या जागेवरून उठून दुसऱ्या गल्लीत गेल्या. योगीराज शांतपणे बघत होता.

"पाण्याला बरा हाय," तो म्हणाला.

लोखंडी नळी महारुद्र वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. जाड पत्रा, सांधे पक्के, खाली वळणावर काजळी काढायला एक छोटं झाकण. भिंतीतलं भोक नळीपेक्षा चांगलं मोठं पाडलं आणि मधली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि चिखलानं भरली, म्हणजे नळी कितीही तापली तरी भिंतीला तडा नको. बाहेरून ती सरळ वर, गच्चीच्या कठड्याच्याही वर तीन फूट. टोकाला पावसासाठी टोपी, आणि टोपी न् नळीत चार बोटं मोकळी जागा. योगीराजच्या मनात आधी स्लॅबलाच भोक पाडायचं आलं होतं, पण ते त्याचं त्यालाच सहन झालं नाही. स्लॅब त्यानंच टाकला होता.

चुलीचं धड योगीराजनं विटांत बांधलं. पण तोंडाला त्यानं हात लावला नाही. चुलीचं तोंड घरच्या बाईनंच घालायचं असतं, गवंड्यानं नाही. तानुबाईनं पांढऱ्या मातीत भुसा कालवला आणि दोन दुपारी बसून ते घातलं, सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. मी दारात बसून बघत होतो. वर्षभरात तिच्या हातांना मी एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. दमली की थांबायची, श्वास घ्यायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "काय बघायलाव? काम न्हाई का?"

माती आठ दिवस सुकू दिली. मी वाळूच्या दोन बादल्या भरून दाराशी ठेवल्या आणि त्यांना लाल रंग दिला. तानुबाईनं एका बादलीत कोथिंबीर पेरायचा विचार बोलून दाखवला. मी ऐकलं नाही असं केलं.

शनिवारी चाचणी घेतली. आधी उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाशी धरली. उदबत्तीचा धूर क्षणभर घोटाळला, मग वाट सापडल्यासारखा आत वळला आणि गेला. मग कापसाच्या झाडाच्या दोन वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. धूर नळीत, नळीतून वर आणि वरून शेतांकडे. घरात काही नाही. योगीराजनं डोक्यावरचा गमछा काढून परत बांधला, हा त्याचा आनंद. बातमी पसरायला आमच्या गल्लीत वारा लागत नाही. अर्ध्या तासात सगळी गल्ली अंगणात उभी होती आणि माना वर करून धुराकडे बघत होती. दैवशाला सगळ्यांत पुढे होती. ती बराच वेळ धुराकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "तानुमावशे, तुझा धूर तर इमानासारखा आभाळात चाललाय."

त्या संध्याकाळी मी पीठ दळायला गिरणीवर गेलो. आयुष्यात काही तासच माणूस पूर्ण निर्धास्त असतो. माझे ते तास गिरणीवर गेले.

रविवारी सकाळी राजेश्रीला आणायला मी स्टेशनवर गेलो. ती उतरली ती थेट तपासणीला आल्यासारखी. खांद्याला पर्स आणि हातात एक रिकामी पिशवी. माहेरी येणाऱ्या पोरीच्या हातात रिकामी पिशवी असली तर ती वांगी न्यायला असते किंवा आई न्यायला.

घरी तिनं सगळं बघितलं. गॅसची टाकी किती लांब, खिडकी उघडते का, जळण चुलीजवळ साठवलेलं नाही ना, नळीचं झाकण घट्ट आहे ना. वाळूत बोट घालून बघितलं. "दादा, झकास," ती म्हणाली. मी जिनिंगच्या मालकाकडून हे तीस वर्षं ऐकायची वाट बघत होतो.

योगीराज जेवायलाच आला होता. तानुबाईनं चुलीला हळद-कुंकू वाहिलं, पऱ्हाट्या घातल्या आणि काडी लावली. जाळ उभा राहिला. धूर उठला, नळीकडे गेला, तिथं थोडा विचार केला आणि परत आला.

तो नुसता परत आला नाही, सगळ्या भावकीला घेऊन आला. दोन मिनिटांत समोरचा ओटा दिसेना. तानुबाईला पहिली ढास लागली आणि राजेश्रीनं तिला दंडाला धरून अंगणात नेलं, बाजेवर बसवलं आणि पर्समधून बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा काढला. मी चुलीवर बादलीतली वाळू टाकली. तीस वर्षांत पहिल्यांदा टाकली. विझवण्याचं काम मला येतं हे त्या दिवशी सिद्ध झालं, पण बघायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

"ब्याण्णव," राजेश्री चिमटा बघून म्हणाली. मग औषधाचा फवारा तोंडात दिला आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं, "चौऱ्याण्णव. बस. बोलू नको."

योगीराज डोळे पुसत चुलीची बाहेरून पाहणी करत होता. "वारं फिरलंय," तो म्हणाला. "काल पच्छिमेचं व्हतं."

"वाऱ्यानं एवढा धूर उलटत नाही."

"मग जळण वलं असंल."

"कालच्याच पऱ्हाट्या आहेत, योगीराज."

"काल त्या कालच्या व्हत्या," तो म्हणाला.

मी नळीचं खालचं झाकण उघडून आत हात घातला. काजळी नाही, पाखराचं घरटं नाही, काही नाही. सांधे ठोकून बघितले. घरात राजेश्रीच्या पावलांचा आवाज येत होता. ती रागावली नव्हती. ती रागावली असती तर मी भांडलो असतो. तिनं फक्त कपाट उघडलं आणि आतून विचारलं, "आई, रोजची लुगडी कुठं आहेत?"

तानुबाई बाजेवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "खालच्या कप्प्यात." मग जरा दम घेऊन, "वरची नको घेऊ. ती लग्नाकार्याची हायेत."

ते ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. तानुबाई कुठल्याही गोष्टीला लगेच हो म्हणत नाही. बाजारात ती कांद्याशीसुद्धा घासाघीस करते. ती परभणीला निघाली होती आणि कुठली लुगडी न्यायची हे सांगत होती. मी बाजेजवळ जाऊन उभा राहिलो. पाणी देऊ का विचारलं. ती नको म्हणाली. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली, गच्चीच्या मागच्या कोपऱ्याकडे, आणि तिथंच थांबली.

"आवो," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"वर चढा."

"कामून?"

"वर मडकं हाय."

"कशावर?"

"नळीवर."

मी तिच्याकडे बघितलं. "कुणी ठेवलं?"

तिनं म्हशीकडे बघितलं. म्हशीनं दुसरीकडे बघितलं. "ते मागून इचारा. आधी काढा. आन पोरीला सांगू नका."

मी जिना चढलो, मागून योगीराज. गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, जो अंगणाच्या दारातून दिसत नाही, तिथं आमची नळी उभी होती, आणि तिच्यावर टोपीसकट एक रुंद तोंडाचं काळं मडकं पालथं घातलेलं होतं. मडक्याला चुन्याचे डोळे, चुन्याचे दात. नव्या घराला नजर लागू नये म्हणून लावतात तसं. वाऱ्यानं पडू नये म्हणून खाली चिंध्या कोंबल्या होत्या, वरून सुतळी गुंडाळली होती आणि सुतळीवर चिखलाचा लेप होता. चार बोटांच्या मोकळ्या जागेतून मुंगी निघाली नसती.

योगीराजनं मडक्याला पसंतीची थाप मारली. "हे मीच बसवलं. काल तुमी गिरणीवर गेलते तवा वहिनीनं सांगितलं. पक्कं हाय, हलणार न्हाई."

"योगीराज," मी म्हणालो, "धूर कुठून जाणार?"

त्यानं मडक्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, मग खाली अंगणाकडे. एखादं अवघड माप काढताना तो असंच बघतो.

"मडकं नजरंसाठी असतं," तो अखेर म्हणाला. "धुराचं तुमी बघायला पायजे व्हतं. मला वाटलं पेटवायच्या आधी काढसाल."

"मला माहीतच नव्हतं."

"घरातलं घरात इचारत जावा की."

ते काढायला पंधरा मिनिटं लागली. योगीराजच्या कामाची मजबुती मला त्या दिवशी कळली. त्यानं चिखल खरवडला, मी सुतळी कापली, चिंध्या ओढल्या. शेवटी मडकं मी दोन्ही हातांनी उपटलं आणि छातीशी धरून मागे सरकलो, तो खालून आवाज आला.

"दादा, ते काय आहे?"

राजेश्री अंगणात उभी होती. हातात भरलेली पिशवी. मडकं माझ्या छातीवरून तिच्याकडे दात काढून बघत होतं.

"मडकं," मी म्हणालो.

"ते दिसतंय. तिथं कशाला होतं?"

मी योगीराजकडे बघितलं. योगीराज परभणीच्या दिशेला जाणारी गाडी बघू लागला. गाडी नव्हती.

"मी ठेवाय लावलं," तानुबाई बाजेवरून म्हणाली. आवाज बारीक होता, पण सरळ होता. "काल समदी गल्ली बघून गेली. दैवशालाची तर पापणी हलंना. नव्या वस्तूला नजर लागती, पोरी. म्हणलं, एवढी खटपट केली तुज्या दादानं. एवढ्यासाठी र्‍हाऊन नको जायला."

"मग लागली का नजर?"

तानुबाईनं विचार केला. "लागली न्हाई," ती म्हणाली. "मडकं व्हतं ना."

राजेश्रीनं पिशवी खाली ठेवली. तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते आणि ती हसतेय की रडतेय हे गच्चीवरून कळेना. मी मडकं घेऊनच खाली आलो. जिना उतरताना मी सगळा युक्तिवाद तयार केला होता. अट चुलीला होती, मडक्याला नव्हती. चूल काल पास झालेली आहे, नळी निर्दोष आहे. पण खाली आलो तेव्हा राजेश्रीचे डोळे पुसून झाले होते.

"पुन्हा पेटवा," ती म्हणाली. "पण आई आत्ता आत येणार नाही. तुम्ही पेटवा. मी बघते."

खिडक्या दारं उघडून आधीचा धूर घालवला. चुलीतली वाळू काढली. जिनिंगमध्ये वाळू टाकायचं शिकवलं होतं, काढायचं कुणी शिकवलं नव्हतं. उदबत्ती धरली. धूर घोटाळला. योगीराजनं गमछा सोडला. उदबत्तीचा धूर वळला आणि आत गेला.

पऱ्हाट्यांनी जाळ धरला. राजेश्रीनं दार-खिडकी लोटून अंधार केला, फोनची बॅटरी लावली आणि तिचा झोत चुलीच्या तोंडापासून छतापर्यंत हळूहळू फिरवला. झोतात धूर असता तर दिसला असता. पिठाचे चार कण दिसले. तिनं कोपरे बघितले, दाराची वरची चौकट बघितली, नळीच्या प्रत्येक सांध्याशी झोत धरला. बाहेर योगीराज मोठ्यानं सांगत होता की वरून धूर कसा निघतोय, जणू तो त्याच्या अंगातून निघतोय. अर्धा तास गेला. तानुबाई दाराबाहेर बसून आत कान लावून होती, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

"ये आई," राजेश्री म्हणाली.

तानुबाई आत आली, पाटावर बसली. राजेश्रीनं तिच्या डाव्या हाताच्या बोटाला चिमटा लावला आणि उजव्या हातानं भाकरी थापायची परवानगी दिली. एका हातानं भाकरी होत नाही, हे तानुबाईनं तिला समजावलं. चिमटा काढला. ज्वारीचा पहिला गोळा परातीत फिरला, थापला, तव्यावर पडला, पाणी फिरलं, उलटला, आणि मग तानुबाईनं तवा सरकवून भाकरी विस्तवाशी उभी केली. ती फुगली. वर्षभरानं घरात तो वास आला. योगीराज दारात येऊन नुसता बघत राहिला.

तीन भाकरी झाल्यावर राजेश्रीनं पुन्हा चिमटा लावला. आम्ही तिघंही त्या लहानशा आकड्याकडे निकाल बघायला आल्यासारखे वाकलो.

"शहाण्णव," ती म्हणाली. पुन्हा एकदा बघितलं. "शहाण्णव. खोकला?"

"न्हाई."

"डोळे चुरचुरतात?"

"न्हाई. तू जेव आधी."

राजेश्री उठली. अंगणात गेली, पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग लुगडी एकावर एक ठेवल्याचा. मी मोजली. चार नेली होती, चारही परत आली. परत येऊन तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "महिन्यातून एकदा काजळी काढायची, दादा. खिडकी उघडी ठेवायची. आणि नळीवर काहीही ठेवायचं नाही. मडकं नाही, चप्पल नाही, लिंबू नाही."

"लिंबू तर लय लहान असतं," तानुबाई म्हणाली.

"आई."

"न्हाई ठेवत."

माझ्या खांद्यांत इतके दिवस काहीतरी घट्ट बांधलेलं होतं, योगीराजच्या सुतळीसारखं. ते सुटलं. मी बसल्या जागी भिंतीला पाठ टेकली. तानुबाईच्या चेहऱ्यावर जाळाचा उजेड होता, आणि ती संध्याकाळीही इथंच असणार होती, उद्याही. माझं काय काय चुकलं हे मला रोज कळणार होतं. चुलीपाशी आपली माणसं बसलेली असताना काहीतरी मोठं बोललं पाहिजे असं मला वाटलं. मी घसा साफ केला. राजेश्रीनं खाणं थांबवून माझ्याकडे बघितलं. योगीराज सावरून बसला.

"आज या घरात," मी सुरुवात केली, "जे घडलं, त्याचा अर्थ..."

"आवो," तानुबाई म्हणाली, "जरा उठा. पिठाच्या डब्यावर बसलाव तुमी."